मेडिकेअर आहे, मग आईच्या देखभालीचा खर्च कोण देणार?

प्रश्न: माझी आई ७९ वर्षांची आहे. वडील गेल्यानंतर २०१८ मध्ये ती ग्रीन कार्डावर आमच्याकडे, इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल येथे, राहायला आली. गेल्या सहा महिन्यांत ती तीन वेळा पडली. सुदैवाने हाड मोडले नाही. मागच्या महिन्यात दुधाचे पातेले गॅसवर ठेवून ती झोपून गेली आणि मी घरी पोहोचले तेव्हा पातेले काळेठिक्कर पडून घरभर धूर झाला होता. आम्ही दोघेही नोकरी करतो. डॉक्टरांनी असिस्टेड लिव्हिंगचा (रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या ज्येष्ठांच्या निवासाचा) विचार करायला सांगितले. एका ठिकाणी महिन्याला ६,२०० डॉलर सांगितले. आईच्या मेडिकेअरसाठी (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी) २०२५ मध्ये आम्ही दरमहा ७०३ डॉलर भरले, तरी मेडिकेअर यातला एक पैसाही देणार नाही, असे तिथल्या बाईंनी सांगितले. ठाण्यात आईच्या नावावर एक फ्लॅट आणि सुमारे ४० लाखांच्या ठेवी आहेत. फ्लॅट भावाच्या नावावर करून टाका म्हणजे आईला मेडिकेड (गरजूंसाठीची सरकारी आरोग्य-मदत) मिळेल, असे एका ओळखीच्यांनी सुचवले. भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, ‘आईला वृद्धाश्रमात टाकणार असशील तर मीच तिला परत घेऊन येतो.’ मला रात्र रात्र झोप लागत नाही. काय करू?

उत्तर: तिथल्या बाईंनी तुम्हाला खरे तेच सांगितले, आणि ते पैसे भरण्याआधी कळले हे बरे झाले. तुम्ही भरलेल्या ७०३ डॉलरपैकी ५१८ डॉलर हे ‘पार्ट ए’चे, म्हणजे रुग्णालयाच्या विम्याचे, होते आणि १८५ डॉलर ‘पार्ट बी’चे, म्हणजे डॉक्टरांच्या फीसाठीच्या विम्याचे. तुमच्या आईंनी या देशात नोकरी केलेली नसल्यामुळे त्यांना ‘पार्ट ए’ विकत घ्यावा लागतो. हे पैसे वाया जात नाहीत. उद्या त्या रुग्णालयात दाखल झाल्या तर त्यांची किंमत कळेल. परंतु १९६५ साली हा कायदा झाला तेव्हापासून मेडिकेअर हे आजारावरील उपचारांसाठी आहे, म्हातारपणाच्या सांभाळासाठी नाही. आंघोळ घालणे, कपडे चढवणे, शौचाला नेणे, गोळ्यांची आठवण करणे, रात्री कुणीतरी जवळ असणे, म्हणजे तुमच्या आईंना आज ज्याची गरज आहे ते सर्व, मेडिकेअरच्या लेखी उपचार नव्हेत. ते घरी घडो वा असिस्टेड लिव्हिंगमध्ये, त्याचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे असतात.

आपल्या लोकांचा गैरसमज होतो तो रिहॅबमुळे, म्हणजे आजारातून उठल्यावरच्या पुनर्वसनामुळे. कुणाच्या तरी सासूबाईंना नर्सिंग होममध्ये (इथे त्याचा अर्थ परिचारिकांच्या देखभालीतले निवास) मेडिकेअरने ठेवले होते, हे आपण ऐकलेले असते. ते खरे असते, पण त्याला मर्यादा आहे. रुग्णालयात सलग तीन दिवस रीतसर दाखल राहून नंतर नर्सिंगची किंवा व्यायामोपचारांची गरज असेल, तर पहिले २० दिवस मेडिकेअर पूर्ण खर्च देते. २१व्या ते १००व्या दिवसापर्यंत २०२५च्या दराने रोज २०९ डॉलर ५० सेंट आपण भरायचे, आणि १०० दिवसांनंतर सगळा भार आपल्यावर. यातले ‘रीतसर दाखल’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा त्या चार रात्री रुग्णालयात होत्या, खाटेवर झोपत होत्या, हाताला सलाईन होते, आणि तरीही कागदोपत्री त्या दाखल झालेल्या नव्हत्या. त्यांना ‘ऑब्झर्व्हेशन’मध्ये, म्हणजे नुसते निरीक्षणाखाली, ठेवले होते. त्यानंतरच्या १९ दिवसांच्या रिहॅबचे संपूर्ण बिल आमच्याकडे आले. असे २४ तासांहून अधिक ठेवले तर रुग्णालयाने तशी लेखी सूचना देणे बंधनकारक असते. आम्हालाही ती दिली होती. इतर आठ-दहा कागदांबरोबर आम्ही तिच्यावर न वाचता सही केली होती. तुमच्या आई पुन्हा पडल्या आणि रुग्णालयात जावे लागले, तर पहिल्याच दिवशी विचारा: दाखल केले आहे की ऑब्झर्व्हेशन? आणि ऑब्झर्व्हेशन असेल तर ते बदलता येईल का, हे डॉक्टरांशी तिथेच बोला. खासगी विमा कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांचे नियम याबाबतीत वेगळे असू शकतात; तुमची योजना ती असेल तर कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून विचारून ठेवा.

आता आईंकडे वळू. सहा महिन्यांत तीन वेळा पडणे आणि गॅसवरचे पातेले विसरणे या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि असिस्टेड लिव्हिंगच्या आधी त्यांची तपासणी व्हायला हवी. जेरियाट्रिक्सच्या, म्हणजे वृद्धांच्या आजारांच्या, डॉक्टरांची वेळ घ्या. स्मरणशक्तीची चाचणी, उभे राहताना रक्तदाब किती उतरतो, दृष्टी, कान, आणि सर्व गोळ्यांची एकत्र छाननी, हे सगळे एका भेटीत होत नाही, पण सुरुवात करा. तुमच्या आई शाकाहारी असतील तर बी-१२ची पातळी आवर्जून तपासून घ्या. आपल्या शाकाहारी घरांत ही कमतरता पुष्कळ आढळते, आणि तिच्यामुळे तोलही जातो आणि विसरही पडतो. तपासणीतून वेगळेच काही निघाले तर पुढचा सारा हिशेब बदलेल. आणि आजच्या आज घरातील गॅसची शेगडी आई एकट्या असताना बंद राहील अशी सोय करा.

तपासणीनंतरही मदत लागणारच असे ठरले, तर जागा शोधायला निघण्यापूर्वी एक कागद घ्या आणि आईंच्या दिवसाचे तास लिहून काढा. कोणत्या तासाला त्यांना कशाची मदत लागते? सकाळी आंघोळीला अर्धा तास? दुपारी जेवण गरम करून देण्यापुरती? की दिवसभर नुसती सोबत? आणि रात्री? मी इतकी वर्षे ही पत्रे वाचते आहे. बहुतेक कुटुंबे आधी इमारत पाहतात आणि मग आईची गरज त्या इमारतीत बसवतात. खर्च इमारतीवर ठरत नाही, तासांवर ठरतो.

तो कसा, ते पाहा. देखभालीच्या खर्चाची पाहणी करणाऱ्या केअरस्काउट या कंपनीच्या २०२४च्या पाहणीनुसार देशभरात घरी येणाऱ्या मदतनिसाचा मध्यम दर तासाला ३३ डॉलर होता. आठवड्याचे पाच दिवस रोज सहा तास लावले तर महिन्याला सुमारे ४,२९० डॉलर होतात. पण चोवीस तास माणूस हवा झाला की तोच दर ३० दिवसांच्या महिन्याला २३,७६० डॉलरवर जातो. त्याच पाहणीत असिस्टेड लिव्हिंगचा मध्यम खर्च महिन्याला ५,९०० डॉलर होता, म्हणजे तुम्हाला सांगितलेले ६,२०० डॉलर काही अवाच्या सवा नाहीत. नर्सिंग होममध्ये दोघांच्या खोलीला वर्षाचे १,११,३२५ आणि स्वतंत्र खोलीला १,२७,७५० डॉलर लागत होते. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचे मेमरी केअर हे सहसा असिस्टेड लिव्हिंगपेक्षा महाग असते. थोडक्यात, दिवसाचे थोडे तास हवे असतील तोवर घर स्वस्त, आणि रात्रीची गरज सुरू झाली की घर सर्वांत महाग.

तुमच्या पत्रावरून मला वाटते की आज तुमची अडचण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ही आहे, रात्रीची नाही. तसे असेल तर अडल्ट डे सेंटर, म्हणजे वृद्धांना दिवसभर सांभाळणारे केंद्र, आधी पाहावे असे मी सुचवेन. त्याच पाहणीत देशभरातील मध्यम दर दिवसाला १०० डॉलर होता, म्हणजे पाच दिवसांचे महिन्याला २,१७० डॉलरच्या आसपास. बरीचशी केंद्रे घरून नेण्या-आणण्याची सोय करतात. शिकागोच्या उपनगरांत भारतीय वृद्धांसाठी चालणारी अशी केंद्रे आहेत, जिथे शाकाहारी जेवण असते आणि कर्मचारी हिंदी-गुजराती बोलतात. मराठी बोलणारे कुणी भेटेलच असे नाही, पण ठाण्यात हयात घालवलेल्या बाईंना हिंदी-गुजरातीचे परकेपण वाटणार नाही. तुम्हाला नोकरी करता यावी म्हणून हा खर्च होत असेल, आईंना स्वतःचे स्वतः करता येत नसेल, आणि त्या करदृष्ट्या तुमच्यावर अवलंबून असून तुमच्या घरी राहत असतील, तर या खर्चावर डिपेंडंट केअरची करसवलतही मिळू शकते. सीपीएला, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाला, विचारा.

असिस्टेड लिव्हिंगची वेळ येईल तेव्हा काय पाहायचे, हेही आताच सांगते. इलिनॉयमध्ये या संस्थांना राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा परवाना लागतो. तुम्हाला सांगितलेल्या ६,२०० डॉलरमध्ये नेमके काय येते, हे लेखी घ्या. बहुधा त्यात खोली, जेवण आणि थोडीशी मदत असते. आंघोळ, औषधे, रात्रीची मदत यांच्या ‘लेव्हल’ असतात आणि दर लेव्हलला दरमहा काही शे डॉलर वाढतात. प्रवेशाच्या वेळी परत न मिळणारी एकरकमी फी किती, गेल्या तीन वर्षांत दर किती वाढवले, आणि कोणत्या परिस्थितीत ते आईंना जागा सोडायला सांगू शकतात, हे तीन प्रश्न विचाराच. तिसऱ्या प्रश्नाला टूर देणारी व्यक्ती सहसा गोड उत्तर देते, म्हणून करारातील ते पान तिच्यासमोरच उघडून वाचा. दोन-चार आठवड्यांचा तात्पुरता मुक्काम बहुतेक ठिकाणी मिळतो. कायमचा करार करण्याआधी तो करून पाहा.

आणि जागा पाहायला सकाळी अकराला जाऊ नका, संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. सासूबाईंसाठी आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी दिवाणखान्यात पियानो होता, फुले होती, सगळे छान होते. संध्याकाळी पुन्हा गेलो तेव्हा ‘व्हेजिटेरियन’ म्हणून ताटात उकडलेली ब्रोकोली, चीज घातलेली मॅकरोनी आणि गोड दही एवढेच होते, आणि एका आजींच्या हातातला चमचा थरथरत होता तो धरायला दहा मिनिटे कुणी आले नाही. शेवटी आम्ही निवडलेली जागा दिसायला साधी होती. पण तिथल्या मदतनीस बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंच्या खोलीतला मेतकुटाचा डबा ओळखला आणि रोज रात्री गरम भात आणून त्यावर त्या स्वतः मेतकूट-तूप घालू लागल्या. माणसे अशी आहेत का, हे संध्याकाळी सहाला कळते.

आता मेडिकेड आणि फ्लॅट. इथे मला ठामपणे सांगायचे आहे: फ्लॅट भावाच्या नावावर करू नका. मेडिकेडचा अर्ज केल्यावर राज्य मागील ६० महिन्यांतील सर्व व्यवहार तपासते. त्या काळात मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता आढळली की तिच्या किमतीच्या प्रमाणात काही महिने मदत नाकारली जाते, आणि हे महिने फ्लॅट दिल्याच्या दिवसापासून मोजले जात नाहीत. हातचे पैसे संपून, नर्सिंग होमसारख्या देखभालीसाठी अर्ज करून, बाकी सर्व निकषांत बसल्यावर ते सुरू होतात. म्हणजे आईंकडे काहीच उरलेले नसेल नेमक्या त्या वेळी दार बंद होईल. मालमत्ता भारतात आहे म्हणून ती दाखवायची नाही, असेही कुणी सांगेल. तो अर्जातील खोटेपणा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

इलिनॉयमध्ये वृद्धांच्या मेडिकेडसाठी मालमत्तेची मर्यादा १७,५०० डॉलर आहे. ती २०२३ मध्ये वाढवली गेली. त्याआधी एका व्यक्तीसाठी ती २,००० डॉलर होती. या मर्यादेत आल्यावर दोन चांगल्या सोयी उघडतात. एक म्हणजे राज्याच्या वृद्ध-कल्याण विभागाचा कम्युनिटी केअर प्रोग्रॅम, ज्यात ६० वर्षांवरील व्यक्तीला घरी मदतनीस किंवा अडल्ट डे सेंटर मिळते. घरी येऊन गरजेचे मूल्यमापन करतात आणि त्यात किमान २९ गुण लागतात. दुसरी म्हणजे सपोर्टिव्ह लिव्हिंग. सर्वसाधारण असिस्टेड लिव्हिंगला या राज्यात मेडिकेड पैसे देत नाही, पण सपोर्टिव्ह लिव्हिंगला देते. तिथे स्वतंत्र छोटी खोली, जेवण, औषधांची मदत आणि चोवीस तास कर्मचारी असतात. राहणाऱ्याने आपल्या उत्पन्नातील ठरावीक रक्कम दरमहा स्वतःच्या वरखर्चाला ठेवून बाकीचे द्यायचे असतात. ग्रीन कार्डानंतरची पाच वर्षांची अट तुमच्या आईंनी ओलांडली आहे, ही जमेची बाजू. परंतु ठाण्याचा फ्लॅट हे आज त्यांचे राहते घर नसल्यामुळे तो मालमत्तेत धरला जाईल, आणि ठेवीही.

म्हणून या दोन्ही गोष्टींकडे वेगळ्या नजरेने पाहा. तो फ्लॅट उद्याचा वारसा होण्याआधी आज आईंच्या देखभालीचा पैसा आहे. ४० लाख म्हणजे २०२५च्या दराने साधारण ४५,००० डॉलर. महिन्याला ६,२०० डॉलरने ते सात महिन्यांत संपतील, पण डे सेंटरच्या खर्चाने दीड वर्षाहून अधिक पुरतील. आईंचा पैसा आईंवर खर्च करणे पूर्णपणे कायदेशीर आहे. बिले आणि पावत्या जपून ठेवा, म्हणजे मेडिकेडचा अर्ज करताना पैसा कुठे गेला हे दाखवता येईल. फ्लॅट विकायचा की भाड्याने द्यायचा, हे तुम्ही, भाऊ आणि आई मिळून ठरवा. त्यांची बँक खाती अजून निवासी भारतीयाची असतील तर ती एनआरओ (अनिवासी भारतीयाची) करून घ्यावी लागतील; तिथून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. आणि परदेशातील खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर असल्यामुळे ग्रीन कार्डधारक म्हणून त्यांना दरवर्षी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारे पत्रक) भरणे बंधनकारक आहे, तसेच ठेवींचे व्याज इथल्या करपत्रकात दाखवणेही. आजवर भरले नसेल तर घाबरून गप्प बसू नका. दुरुस्तीचे मार्ग आहेत आणि जाणकार सीपीए ते सांगेल.

आईंना आणताना तुम्ही ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्टवर, म्हणजे त्यांच्या आर्थिक आधाराच्या हमीपत्रावर, सही केली असेल. ते बंधन आई नागरिक होईपर्यंत किंवा त्यांच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत चालू राहते आणि मेडिकेडच्या वेळी तुमच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यातून उभा राहू शकतो. नागरिकत्वासाठीची पाच वर्षे पूर्ण झाली आहेत. इंग्रजीच्या परीक्षेतून वयामुळे सूट मिळण्याइतकी वर्षे झालेली नाहीत, पण स्मृतिभ्रंशाचे निदान झाले तर डॉक्टरांनी भरलेल्या एन-६४८ अर्जावर सूट मागता येते. भारतीय नागरिकत्व सोडणे आईंच्या मनाला लागेल, हे मी जाणते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने फ्लॅट आणि येणे-जाणे कायम राहते, एवढे त्यांना सांगा. या सगळ्यासाठी एल्डर लॉ, म्हणजे वृद्धांचे कायदेशीर प्रश्न, हाताळणाऱ्या वकिलाला एकदा पैसे देऊन भेटा. त्याच भेटीत आईंचे दोन्ही मुखत्यारपत्र करून घ्या, एक आरोग्याचे आणि एक मालमत्तेचे. राज्याचे ठरावीक नमुने आहेत. आरोग्याच्या पत्राला एक साक्षीदार पुरतो, मालमत्तेच्या पत्राला साक्षीदाराबरोबर नोटरीही लागतो. आज आई समजून सही करू शकतात. ती शक्ती गेल्यावर हेच काम कोर्टातून, पालकत्वाच्या खटल्याने करावे लागते. ठाण्याच्या फ्लॅटसाठी मात्र भारतात चालणारे वेगळे मुखत्यारपत्र हवे.

तुमच्या भावाच्या वाक्याने तुम्ही दुखावल्या आहात. त्याच्या मनात वृद्धाश्रम म्हणजे ज्यांचे कुणी नाही त्यांची जागा, आणि आपल्या आईचे तसे होणार या कल्पनेने तोही घाबरला असावा. त्याच्याशी वाद घालू नका, आकडे आणि तासांचा तो कागद पाठवा. तो खरोखर आईंना नेणार असेल तर तो प्रस्ताव मनापासून तपासा. पुण्यातही ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती आहेत, घरी राहणारी बाई मिळणे सोपे आहे, आणि भाषा आईंची आहे. मात्र दिवसभर त्यांच्याजवळ कोण असेल, हे त्यानेही त्याच कागदावर लिहावे. मेडिकेअर भारतातील उपचारांचे पैसे देत नाही, आणि वर्षभराहून अधिक काळ जायचे असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट (परत येण्याचा परवाना) घेतले नाही तर ग्रीन कार्ड धोक्यात येते. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, हा मधला मार्ग मला पसंत नाही. ज्यांचा विसरभोळेपणा वाढतो आहे त्यांना स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची जागा दर सहा महिन्यांनी बदलणे सोसत नाही.

उद्या दुपारच्या सुट्टीत इलिनॉयच्या सीनियर हेल्पलाइनला, १-८००-२५२-८९६६ या क्रमांकावर, फोन करा. ती राज्याची मोफत सेवा आहे. तुमच्या काउंटीतून मूल्यमापनासाठी कोण येईल ते सांगतील, मेडिकेअरच्या शंकांसाठी समुपदेशकही जोडून देतील. दुभाष्या मागा, मिळतो. मूल्यमापनाच्या वेळी आई पाहुण्यांसमोर ‘मला काही होत नाही, मी सगळे करते’ असे म्हणतील, आपल्या आया तसेच म्हणतात. तेव्हा जळलेल्या पातेल्याची आणि तीन वेळा पडण्याची तारखांसह नोंद तुमच्या हातात असू द्या.

तुमच्या पत्रात डॉक्टरांचे, भावाचे, ओळखीच्यांचे आणि त्या बाईंचे म्हणणे आहे. आईंचे म्हणणे नाही. रविवारी सकाळी चहाच्या वेळी, भावाला फोनवर न घेता, त्यांना विचारा की दिवसभर घरात एकटे असताना त्यांना कसे वाटते. त्या काय सांगतात ते मला जरूर कळवा.